बारा घरांची किल्ली

मामा, तुझ्या दहाव्याला मी नव्हते.

गोदेच्या काठावर आपली सगळी माणसं जमली होती. आई मखमलाबादच्या मळ्यातून झेंडूची पाटी भरून घेऊन आली होती. आणि मी त्या वेळी सुरगाण्याच्या पुढे एका जीपमध्ये, दोन बायकांच्या मध्ये अंग चोरून, मांडीवर लॅपटॉपची बॅग धरून बसले होते. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. सख्ख्या मामाचा दहावा टाकून पोरगी गाणं शोधायला गेली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. वर मला ऐकवते, "कावळा लगेच शिवला हो. तुझ्यावाचून त्याचं काही अडलं नाही."

तुझं अडलं नसेल. माझं अडलं होतं. तू किती सज्जन होतास, कसा कुणाला दुखवत नव्हतास, हे सगळं दिवसांत येऊन लोक बोलून गेले. मी मान हलवत बसले. मला तुझ्याबद्दल बोलायचंच नाहीये, तुझ्याशी बोलायचंय. खरं सांगायचं तर भांडायचंय, आणि तू मधूनच उठून गेलास.

त्या मंगळवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. तू नेहमीसारखा "जेवलीस का" नाही विचारलंस. म्हणालास, "मने, मी चोर आहे म्हणे."

मला हसू आलं. मग तू तो मेल वाचून दाखवलास, अडखळत, एकेक शब्द सुटा करून. तुझ्या चॅनेलवरचं भागीबाईचं, नागलीची म्हणजे नाचणीची रोपं लावतानाचं गाणं काढून टाकलंय, कारण त्यातला आवाज एका म्युझिक कंपनीच्या मालकीचा आहे. हरकत असेल तर चौदा दिवसांत पुराव्यासह कळवा. त्या कंपनीनं काय केलं होतं ते मी संध्याकाळी ऐकलं. भागीबाईचा आवाज उचलून, वेग वाढवून, खाली ढोल आणि डीजेचा धडधडाट घालून लग्नाच्या वरातीचं गाणं केलं होतं. आधी त्यांनी ते आपल्या नावावर नोंदवलं, मग तिथल्या यंत्रानं तुझं मूळ गाणं त्याच्याशी ताडून पाहिलं आणि तुलाच चोर ठरवलं. यंत्राला काय कळतंय आधी कोण आणि नंतर कोण.

तुझा आवाज फोनवर बारीक झाला होता. उभं आयुष्य तू नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात काढलंस. आत जाताना खिसे रिकामे, बाहेर येताना खिसे रिकामे. घरी त्या कामाबद्दल अवाक्षर नाही. मामी म्हणायची, हे कामावर जातात हे मला डबा भरावा लागतो म्हणून कळतं. अशा माणसाला कुणी चोर म्हणावं? मी म्हटलं, "काळजी करू नकोस. आपल्या गाण्यात खूण आहे. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं. माझे शब्द मलाच आता चावतात.

त्या खुणेवरून आपण किती भांडलो! निवृत्त झाल्यावर तू रेकॉर्डर घेतलास आणि आईच्या मळ्यात झेंडू तोडायला येणाऱ्या बायकांच्या मागे लागलास. त्यात भागीबाई होती. दिवाळीनंतर तिच्या पाड्यावरची माणसं कामाला इकडे उतरायची. ती तोडणी करताना गुणगुणायची आणि तू बांधावर माईक धरून बसायचास. आई म्हणायची, याला नोटा मोजून मोजून वेड लागलंय. पण नागलीचं गाणं तिनं मळ्यात म्हणायला साफ नकार दिला. "ते तिकडंच. चिखलात पाय असला म्हंजे येतं," म्हणाली. मग तू पावसाळ्यात पिशवी घेऊन तिच्या पाड्यावर गेलास, आणि गुडघाभर चिखलात उभा राहून ते घेऊन आलास. चार दिवस ताप आला तुला. मामीनं मला फोन करून झापलं, जसं काही मीच पाठवलं होतं.

माझं पोटापाण्याचं कामच हे, आवाजात छुपी खूण घालण्याचं. वॉटरमार्क म्हटल्यावर तुझे डोळे चमकले. तुला समजावून सांगावं लागलंच नाही. नोट उजेडाकडे धरली की कागदाच्या पोटातलं चित्र दिसतं, तसंच हे, फक्त डोळ्यांऐवजी प्रोग्रामला दिसणारं. कानाला कळता कामा नये, आणि काढायला गेलं तर गाणंच बिघडलं पाहिजे. तू लगेच म्हणालास, "म्हणजे वरून छापायचं नाही. कागद ओला असतानाच आत घालायचं." आमच्याकडे नव्या मुलांना हे समजायला आठवडा लागतो.

पण कौतुक केलं की तू लगेच नडायचास. पहिल्यांदा खूण घातलेलं गाणं तुला ऐकवलं तर डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "दुसऱ्या कडव्याआधी ती थांबते ना, तिथे काहीतरी थंड लागतंय." मी म्हटलं, कानाला थंड लागत नाही. तू म्हणालास, लागतं. मी तुला आलेख दाखवला, आकडे दाखवले, वर तुझ्या वयात कानांचं काय होतं तेही सुनावलं. मामा, तुझं बरोबर होतं. आवाज मोठा असतो तिथे खूण त्याच्या आड लपते. ती थांबते तिथे आड काहीच नव्हतं, आणि मी तिथेही तेवढ्याच जोरानं खूण घातली होती. घरी जाऊन मोजलं तेव्हा सापडलं. मी गुपचूप दुरुस्त करून तुला नवी फाइल पाठवली आणि म्हटलं, "ऐक, तीच आहे." तू ऐकून म्हणालास, "आता बरी आहे." मी म्हटलं, "बघ, मनाचे खेळ असतात." हे तुला सांगायचं राहिलं. कितीतरी महिने राहिलं. तुझा कान माझ्या यंत्राहून चांगला होता, एवढं एक वाक्य होतं.

मग खोकल्यावरून भांडण. तिसऱ्या कडव्यात मागे कुणीतरी खोकतं. मी म्हटलं, काढून टाकते, पाच मिनिटांत स्वच्छ होईल. तू जवळपास ओरडलासच, "हात लावायचा नाही." का, ते सांगितलं नाहीस. तुझं हे नेहमीचंच, अर्धं बोलायचं आणि उरलेलं गिळायचं.

आणि नावावरून भांडण. खुणेत थोडीच अक्षरं मावतात. मी तिथे तुझं नाव लिहून ठेवलं होतं. रेकॉर्डिंग तू केलंस, ताप तुला आला. तू म्हणालास, "माझं कशाला? मी काय गायलोय?" मग मी म्हटलं, भागीबाईचं घाल. तर म्हणे, "तिला विचारायला हवं. ती म्हणते गाणं तिचं नाही." मी वैतागले. म्हटलं, कुणाचं तरी घाल बाबा एकदाचं, आणि किल्ली लाव.

किल्ली म्हणजे बारा आकडे. ते ठाऊक असल्याशिवाय खूण वाचता येत नाही, आहे की नाही हेही समजत नाही. नियम मीच घालून दिले. जन्मतारीख नको, फोन नंबर नको. कुठे लिहायचे नाहीत. परक्या कुणाला सांगायचे नाहीत, मला सुद्धा. तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "ते मला शिकवू नकोस." मग या होळीनंतर एका दुपारी मला खोलीबाहेर काढलंस, दार लोटलंस, आणि नाव नि आकडे दोन्ही तूच घातलेस.

ही चूक जगात आपण दोघंच करू शकत होतो. मी नियम करणारी आणि तू तो आयुष्यभर मोडू न शकणारा.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुला फोन केला. म्हटलं, आकडे सांग, मी इथूनच लावते. तू म्हणालास, "फोनवर नाही."

"अरे, मीच आहे ना!"

"तूच म्हणाली होतीस, मला सुद्धा सांगू नकोस. रविवारी ये. मी आकडे घालतो, तू भिंतीकडे तोंड करून बस."

दिवसभराची दमलेली होते मी. द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली होती, मागून हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "मग बस कवटाळून," आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी तू गेलास. चहाचा कप हातात होता म्हणे. कवटाळून बस, हे मी तुला बोललेलं शेवटचं वाक्य. ते मी कुठल्या प्रोग्रामनं काढू, सांग. रोज झोपेतून उठले की आधी तेच ऐकू येतं.

दिवसांत तुमच्या घरी माणसं येत होती आणि मी आतल्या खोलीत तुझ्या संगणकापुढे बसून आकडे लावत होते. तुझा छापखान्यातला नंबर. तुझ्या जुन्या सायकलचा. घराचा, गल्लीचा, मामीच्या माहेरचा. प्रत्येक वेळी एकच उत्तर, खूण सापडली नाही. सगळे आकडे एकामागून एक लावून बघायचे तर माझं आयुष्य पुरलं नसतं. तशी तजवीज मीच केली होती आणि ऑफिसात त्याबद्दल पाठ थोपटून घेतली होती. मला तुझा इतका राग आला, की तुझ्या फोटोला हार घालायला आई म्हणाली तर मी उठलेच नाही.

नवव्या दिवशी मामी आत आली. माझ्याजवळ चहा ठेवला आणि म्हणाली, "काय शोधतेस गं एवढं?" मी रडतच सांगितलं. ती माझ्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "हे म्हणायचे, किल्लीचा माणूस एकटा नसावा. एकाच्या हातात असली की ते कुलूपच नव्हे. होळीला भागीबाईकडे जाऊन आले, तेव्हा म्हणाले, आता मी सुटलो, दुसरीकडे पण ठेवली. मला वाटलं, तुला माहीत असेल."

मला नव्हतं माहीत. मला सोडून तू ती भागीबाईला दिली होतीस! थोडं लागलंच मला ते. मग लक्षात आलं, नियम तेवढाच होता, परक्याला आणि मला सांगायचं नाही. गाणं जिचं आहे तिला सांगायचं नाही, असं मी कुठे म्हटलं होतं?

भागीबाईचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी तुझा दहावा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हरकतीची मुदत संपणार. मामीच म्हणाली, "तू जा. दहाव्याला माणसं खूप आहेत."

पाड्यावर पोचले तेव्हा नागली निसवली होती, कणसं बाहेर पडत होती, उतार सगळा हिरवा. भागीबाई ओट्यावर बसली होती. तू गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला. मला पाणी दिलं. मग विचारलं, "गाणं हाय ना?"

मी सगळं सांगितलं. वरातीचं गाणं ऐकवलं. तिनं दोन ओळी ऐकल्या आणि हात हलवला. "लय पळवलं. रोपं लावताना येवढं कोण पळतं?" मग मी हळूच विचारलं, मामांनी काही आकडे सांगून ठेवलेत का.

"आकडे नाय ठेवले. घरं ठेवली."

होळीला सगळी माणसं कामावरून परत आलेली, पाडा भरलेला. तुम्ही दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात, म्हणाली. बारा घरं. प्रत्येक घरात माणसं किती ते तू दारात उभं राहून विचारलंस आणि तेच आकडे ओळीनं किल्लीला धरलेस. लिहायला नको, विसरायला नको. "तुझे मामा म्हणले, माझी भाची आली तर तिला सांग. दुसरा कोणी आला तर म्हण, मला काय म्हाईत."

मामा, मी तिथे ओट्यावर बसून हसले आणि रडले. बाहेर न जाणारं गुपित ठेवायला तुला अख्खा पाडा सापडला!

लॅपटॉप उघडला. ती बोटाच्या पेरांवर मोजत सांगत गेली. पहिलं घर, सात. दुसरं, चार. तिसरं, नऊ. वाटेत एका घरात सून होळीआधी आली की होळीनंतर, यावर शेजारणीशी बोलून खात्री केली. बारावं घर तिचं स्वतःचं. "तीन," म्हणाली.

मी आकडे लावले. खूण सापडली नाही.

पुन्हा लावले. नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "भागीबाई, होळीला जेवढी होती तेवढीच माणसं सांगितली ना?"

ती समोर उताराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या घरचं आताचं सांगितलं. होळीला मालक व्हता."

तिचा नवरा आषाढात गेला होता. छातीचं जुनं दुखणं. तीन म्हणायचं तोंडाला आताच कुठे वळण लागलं होतं, आणि मी तिच्याकडून ते मोडून घेत होते. "चार टाक," ती म्हणाली. "होळीला आमी चार व्हतो."

मी चार टाकलं आणि खूण उघडली.

आधी तुझ्या मूळ गाण्यातली. मग वरातीच्या गाण्याचा वेग उतरवून परत पहिल्यासारखा केला आणि शोधलं. ढोलाखाली चिरडलेली, तुकड्या-तुकड्यांत, पण होती. तुझं नाव नव्हतं तिथे. भागीबाईचं एकटीचं पण नव्हतं. तू लिहिलं होतंस, "भागी, आईकडून."

मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. "आयचं हाय ते," म्हणाली. "आय तिच्या आयकडून शिकली, पण येवढं कुठं लिवणार." मग मला म्हणाली, आपलं गाणं लाव, न पळवलेलं. मी लावलं. तिसरं कडवं आलं तशी ती पुढे वाकली. मागे तो खोकला आला.

"हाय," ती म्हणाली. "बांधावर बसला व्हता. तुझे मामा बोलले, गप बसा, तरी खोकलाच."

कंपनीच्या गाण्यात तो खोकला नाही. त्यांनी काढून टाकलाय, अगदी स्वच्छ, मी काढला असता तसाच. मामा, मी तुझ्यावर तेव्हा किती आवाज चढवला होता! तू फक्त एवढंच म्हणाला असतास ना, की तो तिचा नवरा आहे. पण तू नाही म्हणालास, आणि मीही विचारलं नाही. पाच मिनिटांत स्वच्छ करण्याची माझी घाई तू अडवलीस, एवढ्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे.

हरकत सुरगाण्याच्या बसस्टँडवर बसून पाठवली, तिथे रेंज होती. काल उत्तर आलं. दोन ओळी. दावा मागे घेण्यात आला आहे, आपला व्हिडिओ पूर्ववत करण्यात आला आहे. माफी नाही, नाव नाही, काही नाही. मी वाचलं आणि सवयीनं तुला फोन लावला. घरात तो वाजला तेव्हा मामीनं उचलला. मी म्हटलं, "मामा चोर नाहीये." ती म्हणाली, "हे तू मला सांगतेस?"

आता एक काम उरलं. पुरावा द्यायचा म्हणजे किल्ली दाखवावी लागते, आणि दाखवलेली किल्ली पुन्हा वापरायची नसते. तुझ्या सगळ्या गाण्यांना नवी लावायला हवी. आज दुपारी मी तुमच्या घरी गेले. तुझ्याच पद्धतीनं बारा घरं धरली, या वेळी आपली. मळ्यातली, नात्यातली, आईचंही, ती बोलत नसली तरी. कुठली आणि कुठल्या क्रमानं, ते तुला सांगणार नाही. नियम म्हणजे नियम. पण किल्लीचा माणूस एकटा नसावा, म्हणून दुसरी मामीकडे द्यायचं ठरवलं. तिला समोर बसवलं आणि पाठ करून घेतली. एकेक घर मी म्हणायचं, माणसं तिनं सांगायची. अकरा घरं भराभर झाली.

बारावं घर तुमचं, तुम्हा दोघांचंच. मला ते म्हणवेना. मी नुसती कीबोर्डवर बोट ठेवून बसले.

मामीनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"दोन," ती म्हणाली. "दोनच टाक."